ब्रेकच्या बोल्टांचे गेलेले आटे लपवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोटारीच्या पुढच्या चाकाआड, सहसा कोणाची नजर जात नाही अशा जागी, अंगठ्याएवढे दोन बोल्ट असतात आणि ब्रेकचा अख्खा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क चिमट्यासारखी आवळणारा भाग, त्यांच्या आधाराने उभा असतो. त्या बोल्टांचे, किंवा ते ज्या भोकात बसतात त्या भोकाचे आटे गेले तर काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे गॅरेजमालकांपुढे आणि गाडीधारकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी ३१ वर्षे टर्नर म्हणून काम केले. आटे पाडणे आणि गेलेले आटे दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम होते. तरीही हा विषय कागदावर आणावा असे वाटले ते स्वतःच्या गाडीवर प्रसंग आल्यानंतरच.

गेल्या मे महिन्यात आम्ही एका लग्नासाठी रत्नागिरीला निघालो होतो. निघण्याच्या दहा दिवस आधी गावातल्याच एका गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले होते आणि डिस्कवर रेघा पडल्या होत्या म्हणून त्या लेथवर घासूनही घेतल्या होत्या. आंबा घाट उतरताना डाव्या पुढच्या चाकातून, चाक खड्ड्यात गेले की ‘खट्’ आणि ब्रेक दाबला की पुन्हा ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. साखरप्याला एका लहानशा गॅरेजसमोर गाडी थांबवली. तिथल्या विशी-बाविशीतल्या मुलाने चाक उतरवले, कॅलिपर हाताने हलवून पाहिला आणि कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचा खालचा बोल्ट, पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढला. बोल्टाला नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवली तेव्हा आट्यांच्या खोबणीत काळपट भुकटी दिसली. पोलादाचे आटे ओरबाडले गेले तर बोल्टाबरोबर तारेसारखे वेटोळे निघते आणि बिडाचे गेले तर चुरा निघतो, त्यामुळे ती भुकटी बोटांवर चोळताच मला कळले की स्टब अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, बिडातले आटे बोल्ट बसवतानाच मेले होते आणि ज्याने बोल्ट बसवला त्याला ते माहीत होते. टेप आपोआप गुंडाळली जात नाही.

“काका, ह्याचे आटे आधीच गेलेले आहेत. ह्या बोल्टावर मी तुम्हाला पुढे सोडणार नाही,” असे त्या मुलाने स्वच्छ सांगितले. जुना बोल्ट पुन्हा दाबून बसवला असता आणि पैसे घेतले असते, तरी त्याला विचारणारे तिथे कोणी नव्हते. त्याने तसे केले नाही, म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो आहे. आम्ही एसटीने लग्नाला गेलो आणि गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून कोल्हापूरला परत आणली.

‘आटे गेले’ हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो, पण ब्रेकपाशी ते कोणत्या जागचे गेले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींना सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आवळतो. कॅलिपरचे बोल्ट या गाइड पिनांत बसतात, पिना ब्रॅकेटमध्ये सरकतात आणि ब्रॅकेट दोन मोठ्या बोल्टांनी स्टब अ‍ॅक्सलला धरलेले असते. गाडी थांबवण्याचे सगळे बळ शेवटी त्या दोन मोठ्या बोल्टांच्या जोडावर येते. त्यातला एक सुटला, तर कॅलिपर दुसऱ्याभोवती फिरून रिमवर आपटतो आणि ब्रेकचा रबरी होज ओढला जाऊन फाटू शकतो. या जागा पकडीच्या झाल्या. याखेरीज कॅलिपरवर आट्यांच्या आणखी दोन जागा असतात आणि त्या दाबाच्या असतात: ब्रेक ऑइलचा होज जिथे जोडतात तो बँजो बोल्ट आणि ब्रेकमधली हवा काढण्याचा निपल. टायरमध्ये आपण ३२ किंवा ३३ पीएसआय हवा भरतो. जोरात ब्रेक मारल्यावर ऑइलच्या नळीतला दाब १००० पीएसआयच्याही वर जातो. पकडीच्या जागी योग्य रीतीने केलेली दुरुस्ती चालते. दाबाच्या जागी आटे गेले, तर माझ्या मते कॅलिपर बदलावा आणि तिथे कोणाच्या हातसफाईवर विसंबू नये.

गाइड पिनेचा प्रश्न तसा सोपा आहे. पॅड बदलताना दर वेळी खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलतात, त्यामुळे सर्वांत जास्त हाताळला जातो तो हाच बोल्ट, आणि आटे बहुधा त्याचेच जातात. पण तो ज्या पिनेत बसतो ती पिन वेगळी मिळते. पिन आणि बोल्ट दोन्ही नवे घ्यावेत, रबरी बूट तपासावा, ब्रेकसाठीचे म्हणून मिळते तेच ग्रीस लावावे, की काम संपले. कॅलिपरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. असे असताना जुन्या पिनेतच पुढच्या मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) फिरवून जाड बोल्ट ठोकण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि ज्या हातांना लेथवर सुरेख काम येते त्यांनीही ते केलेले पाहिले आहेत. पिनेची भिंत त्याने पातळ होते. हे करू नये.

निपलविषयी गैरसमज फार आहेत. निपलचे ऑइल आट्यांनी अडत नाही. त्याच्या टोकाला निमुळता कोन असतो, तो आत कोनाकृती बैठकीवर टेकतो आणि तिथे ऑइल अडते. त्यामुळे आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळल्याने गळती थांबत नाही, उलट टेपचे तुकडे आत जाण्याची भीती असते. निपल आतून पोकळ असल्याने तो नाजूकही असतो. त्याला ७ ते १० न्यूटन मीटर एवढीच आवळणी पुरते, म्हणजे वीतभर लांबीच्या पान्यावर साधारण चार-पाच किलोंचे वजन ठेवावे तेवढी. वरची रबरी टोपी हरवलेली असेल तर पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत, तो गंजून घट्ट बसतो. मग सहा कोनी सॉकेटऐवजी गुळगुळीत झालेला फिक्स पाना लावला की आधी त्याचे कोपरे जातात, पुढे पक्कड येते आणि शेवटी निपल तुटतो. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे, सकाळी हलक्या हातोडीने दोन-चार ठोके द्यावेत, निपल आधी केसभर आवळून पाहावा आणि मग सोडवावा. एवढा धीर धरला तर दहापैकी बरेच निपल शाबूत निघतात, हा माझा अनुभव आहे.

बँजो बोल्टाचे आटे का जातात, याची साखळी सांगण्यासारखी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर असतो आणि ऑइल अडवतो तो वॉशर. मऊ तांबे एकदा दाबले गेले की कडक होते, दुसऱ्यांदा तेवढे दबत नाही. मेकॅनिक जुनेच वॉशर पुन्हा लावतो, थोडे ऑइल झिरपते, म्हणून तो बोल्ट आणखी आवळतो, तरी झिरपते, म्हणून पान्याला पाइप लावतो, आणि एका क्षणी हाताला जड येत असलेला पाना एकदम हलका होतो. ज्याने हे काम केले आहे त्याला तो क्षण हाताच्या तळव्यात आठवतो. काही जुने कारागीर वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकत आणि तांबे पुन्हा मऊ करून घेत. ती युक्ती खोटी नाही, पण काही रुपयांत नवा वॉशर मिळत असताना ब्रेकसाठी तिची गरज राहिलेली नाही. दर वेळी होज सोडला की दोन्ही वॉशर नवे, हा नियम असावा.

आता माझ्या गाडीत जी जागा गेली तिच्याविषयी, म्हणजे स्टब अ‍ॅक्सलमधल्या ब्रॅकेटच्या भोकाविषयी. काही गाड्यांत हे आटे स्टब अ‍ॅक्सलमध्ये असतात, काहींत बोल्ट पलीकडून येऊन ब्रॅकेटच्या आट्यांत बसतो. ब्रॅकेटमधले गेले असतील तर ब्रॅकेट बदलणे हेच सरळ. स्टब अ‍ॅक्सलमधले गेले तर एक तर तो नवा घालावा, नाहीतर भोकात इन्सर्ट बसवावा. इन्सर्ट म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारख्या छेदाच्या स्टेनलेस तारेचे वेटोळे. जुने आटे ड्रिलने काढून टाकायचे, इन्सर्टसाठीच्या खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यात हे वेटोळे फिरवून बसवले की आतल्या बाजूने मूळ मापाचे नवे आटे तयार मिळतात. १० एमएमच्या बोल्टासाठी भोक साधारण १०.४ एमएमचे लागते. हा टॅप साध्या टॅपच्या डब्यात नसतो, तो इन्सर्टबरोबरच घ्यावा लागतो. इन्सर्टचे तोंड पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली जावे आणि बसवल्यावर त्याची खालची शेपटी मोडून काढावी. काही जण पोलादी भरीव बुश बसवतात. जो बोल्ट पुन्हा पुन्हा निघणार आहे त्याला ती अधिक टिकाऊ. दोन्ही प्रकार चांगले केले तर मऊ धातूत मूळ आट्यांपेक्षाही बळकट ठरतात.

सगळा जीव भोक सरळ जाण्यात आहे. गाडीखाली आडवे पडून हातातल्या ड्रिल मशीनने केलेले भोक तिरके गेले, तर बोल्टाचे डोके एकाच कडेवर टेकते आणि तो आज ना उद्या ढिला होतो. म्हणून माझा स्टब अ‍ॅक्सल मी खोलून घेतला, तो उद्यमनगरात एका जुन्या सोबत्याच्या शॉपमध्ये मशीनच्या टेबलावर पक्का बांधून, ब्रॅकेट जिथे टेकते ती त्याची बाजू गेजने सपाट लावून घेतली आणि मगच ड्रिल खाली उतरवले. दोन दिवस गेले, नंतर चाकांची अलाइनमेंटही करावी लागली. पण नवा बोल्ट जेव्हा दोन बोटांनी पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत, कुठेही न अडखळता आत गेला, तेव्हा मला जे समाधान वाटले ते नोकरीतल्या कितीतरी मोठ्या कामांत वाटले नव्हते.

या भोकात वेल्डिंगने भर घालून पुन्हा आटे पाडणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. बिडाला वेल्डिंगच्या कडेने तडे जातात, वेल्डिंगजवळचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि ती उष्णता चाकाच्या बेअरिंगपर्यंत, एबीएसच्या सेन्सरपर्यंत आणि कॅलिपरवर काम असेल तर पिस्टनच्या रबरी सीलपर्यंत जाते. गंजलेला बोल्ट सोडवण्यासाठी ब्रेकपाशी गॅसची ज्योत नेणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. काही ब्रेक क्लीनरांत क्लोरीनयुक्त द्रावण असते. ते फवारलेला भाग तापवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय तिथे आग नेऊ नये.

आटे जाण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. कॅलिपरच्या पिनेच्या बोल्टाला बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन मीटर आणि ब्रॅकेटच्या बोल्टाला साधारण ८० ते ११० न्यूटन मीटर आवळणी सांगितलेली असते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चाकाचे नट काढण्याची अर्ध्या इंची हवेची गन ३००-४०० न्यूटन मीटर सहज देते. ती गन पिनेच्या ८ एमएमच्या बोल्टावर धरली, की आटे गेले की नाही एवढे पाहणेच उरते. गनने बोल्ट बसवायला सुरुवात केली, तर तो तिरका लागला आहे हे हाताला कळतच नाही. दुसरे कारण चुकीचा बोल्ट. १० एमएमचे बोल्ट १, १.२५ आणि १.५ अशा तीन पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले एमएममधले अंतर) असतात, १२ एमएमचे १.२५, १.५ आणि १.७५ चे. हार्डवेअरच्या दुकानात सहसा जाड आट्यांचा मिळतो आणि ब्रेकपाशी बहुधा बारीक आट्यांचा लागतो. चुकीच्या पिचचा बोल्ट एक-दोन फेरे बोटांनी आत जातो, मग अडतो, आणि अडला की आपण पान्याने जोर लावतो. पिच गेज ही खिशात मावणारी वस्तू आहे, ती प्रत्येक बाकावर असायला हवी. बोल्टाच्या डोक्यावरचा मजबुतीचा आकडाही वाचावा. १०.९ असे लिहिलेल्या बोल्टाच्या जागी ८.८ चा किंवा काहीच न लिहिलेला बोल्ट ब्रेकला लावणे धोक्याचे आहे. वरवर ‘चार आटे तरी धरलेत’ म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आवळलेल्या बोल्टात पहिला पकडलेला आटा एकटाच जवळजवळ तिसरा हिस्सा भार घेतो. तो अर्धवट मेलेला असेल तर पुढचे एकामागून एक जातात.

हे सगळे तांत्रिक झाले. पण मला ज्याचा खरा त्रास झाला ती गोष्ट वेगळी आहे. परत आल्यावर मी तो टेप गुंडाळलेला बोल्ट घेऊन ज्या गॅरेजमध्ये पॅड बदलले होते तिथे गेलो. मालक चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी काम केलेल्या मुलाला बोलावले. मुलाने खाली मान घालून सांगितले की आटे गेले ते त्याला त्याच वेळी कळले होते; पण मागे एकदा एक बोल्ट तुटला तेव्हा त्याच्या पगारातून पैसे कापले गेले होते, म्हणून या वेळी त्याने कोणाला सांगितले नाही. माझा राग तिथेच निवळला, आणि मग मला फार वाईट वाटले. महिन्याच्या पगारातून पैसे कापले जाण्याची भीती असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडून आपण घाटात ब्रेक लागण्याची हमी मागत होतो. आटे जाणे हा या कामातला रोजचा धोका आहे. गंजलेल्या, दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत ते हुशार माणसाच्या हातूनही जातात, माझ्याही हातून गेले आहेत. तो खर्च गॅरेजने धंद्याचा खर्च म्हणून धरावा किंवा गाडीधारकाला आधी सांगून त्याच्याकडून घ्यावा. मुलाच्या पगारातून घेऊ नये. हे जोवर होत नाही तोवर टेप गुंडाळणे थांबणार नाही, मग आयटीआयमध्ये टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराएवढेच आवळता येणारा पाना, कितीही चांगला शिकवला तरी.

गाडीधारकांचाही यात वाटा आहे. ‘संध्याकाळी गाडी हवीच’ म्हणून आपण तगादा लावतो आणि इन्सर्टसाठी दोन दिवस लागतील म्हटले की दुसरे गॅरेज शोधतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर तिला फिटनेसच्या तपासणीला उभे राहावे लागत नाही, म्हणजे एवढ्या काळात ब्रेकच्या बोल्टाकडे पाहणारा माणूस फक्त गॅरेजमधलाच. त्याने खरे सांगावे असे वाटत असेल तर ते ऐकून घेण्याची आपलीही तयारी हवी. कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून लपवून ठेवण्याचा समावेश आहे. मला तक्रार करायची नाही, मी केलीही नाही. पण मालकांना हे माहीत असावे.

माझी मागणी एका ओळीची आहे. साखरप्याच्या त्या मुलाने बिलाच्या मागे आपल्या हाताने लिहून दिले होते: ‘डावे पुढचे चाक, ब्रॅकेटचा खालचा बोल्ट, आटे गेले आहेत, गाडी चालवू नये.’ खाली त्याने माझी सही घेतली होती. ब्रेकचे काम करताना कुठलाही आटा गेला, तर अशी ओळ बिलावर यावी, त्यावर काय दुरुस्ती केली ते लिहावे, आणि आवळलेल्या बोल्टाच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडावर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे ५०० किलोमीटरनंतर चाक काढून पाहिले की बोल्ट जागचा हलला का ते गाडीधारकालाही डोळ्यांनी दिसते.

आमच्या गावातल्या त्या मालकांनी माझ्यासमोर टॉर्क पाना मागवला, तो आला आहे, आणि मागच्या आठवड्यात जाऊन मी मुलांना तो लावून दाखवला. गन आता फक्त चाकाच्या नटांसाठी वापरतात. पगार कापण्याविषयी मात्र मालकांनी अजून शब्द दिलेला नाही. तो मागण्यासाठी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टर्नर,
कोल्हापूर